रीगल एंजलफिश: आधी छाती बघा, मग खाणं बघा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय रीगल एंजलफिशबद्दल. मरिन टँक, म्हणजे समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणाऱ्यांना हे नाव ऐकूनच धडकी भरते, कारण मासा असा देखणा की दुकानात दिसला की भल्याभल्यांचा हात खिशाकडे जातो, आणि घरी आणला की दगडामागे जाऊन बसतो, काही खात नाही आणि दोन-तीन आठवड्यांत संपतो. मग लोक म्हणतात पाणी बिघडलं, रोग झाला. माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा तो उपाशी मेलेला असतो, आणि कोणता मासा जगणार याचा अंदाज बराचसा दुकानातच घेता येतो.

आधी ओळख. अंग पिवळं-केशरी, त्यावर उभे पांढरे-निळसर पट्टे, पट्ट्यांना काळसर कड, पाठीवरच्या पराचा मागचा भाग गडद निळा आणि शेपूट झकास पिवळी. लहान पिल्लाच्या पाठीवरच्या पराच्या मागच्या बाजूला डोळ्यासारखा काळा ठिपका असतो, मोठा होता होता तो जातो. बटरफ्लायफिश आणि एंजलमध्ये गडबड होत असेल तर गालाकडे बघा, एंजलच्या कल्ल्याच्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्यात मागे वळलेला एक दणकट काटा असतो, बटरफ्लायला तो नसतो. हा काटा जाळीत अडकतो बरं का, आणि मग सोडवताना मासा जखमी होतो, म्हणून दुकानदाराला सांगा की जाळी नको, पाण्यातल्या पाण्यात डब्यात घ्या. आणि ऑर्डर देताना नुसतं रीगल म्हणू नका, निळ्या टँगलाही रीगल म्हणतात, तो वेगळाच मासा. याचं शास्त्रीय नाव पायगोप्लाइट्स डायाकँथस, 1772 साली बोडार्टने वर्णन केलेला, आणि पायगोप्लाइट्स या गटात हा एकटाच.

आता खरी मेख छातीत आहे. मासा समोरून बघा, हनुवटीखाली, गळ्यापासून छातीपर्यंत. पिवळी असेल तर तो हिंदी महासागर किंवा लाल समुद्राकडचा, राखाडी-निळसर असेल तर पॅसिफिककडचा. हॉबीवाल्यांचा अनुभव असा की पिवळ्या छातीचा लवकर रुळतो, राखाडी छातीचा जास्त त्रास देतो. यात माशाच्या स्वभावापेक्षा पकडण्याच्या पद्धतीचा हात असावा असं मला वाटतं, कारण फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या बाजूला बंदी असूनही सायनाइड वापरून मासे पकडल्याच्या गोष्टी वर्षानुवर्षं चालत आल्यात, आणि असा मासा वरून ठणठणीत दिसतो, कधी कधी खातोसुद्धा, आणि तरी आतून खंगत जातो. राखाडीवाला घेऊच नका असं नाही, पण त्याची परीक्षा दुप्पट घ्या.

परीक्षा म्हणजे काय, तर डोक्यामागची पाठ बघायची. तिथे मांस भरलेलं हवं, खळगा पडला असेल आणि पाठ सुरीच्या धारेसारखी दिसत असेल तर सोडून द्या, कितीही रंग भारी असले तरी. पोट आत गेलेलं नको. डोळे तुमच्या हालचालीवर फिरायला हवेत. आणि दुकानदाराला म्हणा, माझ्यासमोर खायला घाला. नुसतं तोंडात घेऊन थुंकून टाकलं तर ते खाणं नाही! गिळलं पाहिजे. आजच माल आला असेल तर आज घेऊ नका, आठवडाभर त्याला तिथेच राहू द्या. साइजमध्ये साधारण 8 ते 12 सेंटिमीटरचा मला बरा वाटतो, मोठा झालेला हट्टी असतो.

हे खाण्याचं एवढं का, तर समुद्रात हा प्रामुख्याने स्पंज आणि ट्यूनिकेट (दगडाला चिकटून राहणारे पिशवीसारखे जीव) खरवडून खातो, तुमचे पेलेट (खाद्याचे दाणे) म्हणजे अन्न आहे हे त्याला माहीतच नसतं. म्हणून पहिला घास ओळखीचा वाटेल असा द्या. अर्धा उघडलेला शिंपला दगडांच्या फटीजवळ ठेवा, त्यातलं मांस तो टोचून टोचून खाईल, समोर तरंगणाऱ्या खाण्यापेक्षा हे त्याच्या सवयीचं. शिंपला उरला तर काही तासांत काढायचा, नाहीतर पाणी नासतं. तो खायला लागला की वर मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव), मग स्पंज घातलेलं फ्रोजन एंजल फूड, मग नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), मग कुठे पेलेट. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. ही पायरी चढायला वेळ लागतो, घाई केली की परत पहिल्या पायरीवर.

क्वारंटाइन टँकमध्येही, म्हणजे नव्या माशाला आधी वेगळं ठेवतात त्या टँकमध्येही, लपायला जागा हवीच, पीव्हीसी पाइपचे तुकडे चालतात, आणि लाइट मंद. उजेडात उघड्यावर ठेवलेला रीगल खात नाही. आल्या दिवशीच कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, ओतायची सवय बऱ्याच जणांना असते, पण कॉपरने भूक मरते, आणि इथे भूकच तर वाचवायचीय, म्हणून अंगावर पांढरे ठिपके, म्हणजे रोगाची खूण, दिसले नसतील तर आधी खाऊ द्या, रोज नीट बघा, ठिपके दिसले की मात्र टंगळमंगळ नको आणि डोस टेस्ट किटने मोजूनच. कॉपर मेन टँकमध्ये कधीच नाही, लाइव्ह रॉक, म्हणजे जीवजंतू वसलेले समुद्री दगड, ते शोषतात आणि कोरल, कोळंबीसारखे जीव मरतात. मासा दगडावर अंग घासत असेल, डोळा धुरकट असेल तर फ्लूकचा, म्हणजे अंगाला चिकटणाऱ्या परजीवी किड्यांचा, संशय घ्या. त्याच तापमानाच्या आणि पीएचच्या गोड्या पाण्यात पाच मिनिटं ठेवलं, मासा पूर्णवेळ नजरेसमोर, तर फ्लूक पांढरे होऊन तिळाएवढे खाली पडलेले दिसतात, मग पुढे त्यावरचं औषध प्राझिक्वांटेल.

मेन टँक किमान 400 लिटरचा, जुना, मुरलेला, भरपूर गुहा असलेला. मासा 25 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. पाणी 24 ते 27 अंश, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025 च्या आसपास. टँग किंवा दुसरा एंजल आधीपासून दादागिरी करत असेल तर रीगल बाहेरच येणार नाही, म्हणून त्यांना नंतर आणा, आणि आधीच असतील तर नव्याला काही दिवस जाळीदार बॉक्समध्ये ठेवून सगळ्यांना एकमेकांची सवय होऊ द्या. आणि कोरलवाल्यांनो, हा मांसल एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कडक कोरल), झोअँथिड (बटणासारखे मऊ, कोरलसारखे जीव) आणि मोठ्या शिंपल्यांना टोचे मारू शकतो. एखादा वर्षभर साधा राहतो आणि मग एके दिवशी सुरू होतो, तेव्हा महागडे कोरल असतील तर तो टँक रीगलसाठी नाही.