काउंटीतली सबसिडी आणि भाचेमंडळी

माझी ओळख करून देण्यातच बराच वेळ गेलाय, त्यामुळे थेट विषयावर येतो. अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, सरकारची शेती सबसिडी येते ती जाते कुणाच्या खिशात? माझं म्हणणं एवढंच आहे की ती शेती करणाऱ्याला नाही, कागदाला मिळते.

आता याची यादी मिळते बरं का. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप नावाची संस्था सरकारकडून माहिती काढून नावानिशी ऑनलाइन टाकते, काउंटी निवडायची की कुणाला किती ते समोर. लोक काय करतात? आधी शेजाऱ्याचं नाव शोधतात, मग मेव्हण्याचं. हसू नका, तुम्हीही तेच केलं असतं.

तर माझा आवडता किस्सा, ज्यांनी आधी ऐकलाय त्यांनी सहन करा. २०१८च्या शेती कायद्यात मुख्य योजनांना, म्हणजे भाव किंवा उत्पन्न पडलं की पैसे देणाऱ्या योजनांना, माणशी वर्षाला १,२५,००० डॉलरची मर्यादा होती. वाटलं की मोठ्यांना चाप बसला. पण शेती भागीदारीत दाखवली की प्रत्येक भागीदाराला वेगळी मर्यादा, अट एवढीच की तो शेतीत 'सक्रिय' हवा. सक्रिय म्हणजे वर्षाला १,००० तास अंगमेहनत, नाहीतर मॅनेजमेंट. आता मॅनेजमेंट कशाला म्हणायचं? सीसीसी-९०२ नावाचा फॉर्म आहे, त्यात जमीन, भांडवल, अवजारं, मजुरी, मॅनेजमेंट असे रकाने, कुणाचा वाटा किती टक्के ते भरायचं. मॅनेजमेंटच्या रकान्यात आकडा टाकायला चिखलात उतरावं लागत नाही, शहरात बसून फोनवर 'यंदा सोयाबीन टाकूया का' एवढं विचारलं तरी सल्ला दिला असं म्हणता येतं. यावर २०१८च्या आधीच ओरड झाली होती, तेव्हा बिगर-कुटुंबी भागीदाऱ्यांत असे मॅनेजर किती असावेत यावर बंधन आलं. कुटुंबाला मात्र सूट. आणि मग त्याच २०१८च्या कायद्यात काय केलं, तर कुटुंबाच्या व्याख्येतच भाचे, पुतणे आणि चुलत-मामे भावंडं घातली! आपल्याकडे वाटणीच्या वेळी भाऊ भावाला ओळखत नाही, आणि तिथे सबसिडीसाठी आतेभावाचा पत्ता शोधतात.

बरं, कागद म्हणजे नुसता फॉर्मच नाही, 'बेस एकर' ही त्याहून भारी गोष्ट. पूर्वी त्या जमिनीत काय पेरलं होतं त्यावरून मका, गहू, भात असे एकर नोंदलेले असतात आणि पैसे त्यावर, यंदा तिथे तेच पीक असलंच पाहिजे असं नाही. आता बंद झालेल्या थेट अनुदानाच्या काळात तर टेक्सासमध्ये भाताच्या जमिनी घरांसाठी विकल्या गेल्या आणि अंगणात गवत वाढवणाऱ्या घरमालकांना भाताचे पैसे आले, २००६ साली वॉशिंग्टन पोस्टने हे सगळं छापलं होतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं म्हणे. मुख्य मुद्दा तर अजून राहिलाच, पटापट सांगतो.

एक, रोख खंडाने जमीन कसली तर पैसे कसणाऱ्याच्या नावावर येतात, म्हणून यादीत तोच लाभार्थी दिसतो. पण बेस एकर चांगले असले की मालक पुढच्या करारात खंड वाढवतो, आणि मालकाचं नाव यादीत कुठेच नाही. दोन, पीक विमा. हप्त्याचा सरासरी ६० टक्क्यांहून जास्त भाग सरकार भरतं, त्याला माणशी मर्यादा नाही, उत्पन्नाची अट नाही, आणि कुणाला किती मिळालं ते कायद्यानेच गुप्त. म्हणजे शेजाऱ्याचा जो आकडा तुम्ही बघताय त्यात हे धरलेलंच नाही. तीन, भाजीपाला-फळंवाल्यांना या मुख्य योजनांतून जवळपास काही नाही, कारण त्यांचं पीकच योजनेच्या पिकांत बसत नाही. आणि २०२५च्या कायद्याने मुख्य योजनांची ती माणशी मर्यादा १,५५,००० डॉलर केली, वर नव्या ३ कोटी बेस एकरांची सोय, आणि आता एलएलसीलाही, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीलाही, भागीदारीसारखीच दर सभासदामागे मर्यादा, म्हणजे भाचेमंडळींना अजून एक दार. काळ्या शेतकऱ्यांना काउंटी पातळीवर कर्जं कशी नाकारली आणि त्यावरून झालेल्या पिगफोर्ड खटल्याचा १९९९चा समझोता, हे सगळं राहिलं, ते चहाच्या वेळी विचारा.