पीटीचा तास गणिताला

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा. 31 वर्षं शाळेत पीटी शिकवली, आता लेकीकडे इंग्लंडला आलोय, म्हणून तुमच्या तावडीत सापडलो. मघाशी चहा घेताना एक ताई म्हणाल्या, "सर, आजकालची मुलं खातात फार आणि हलत नाहीत." खरंय. पण हलतील कुठे?

आमच्याकडे मे महिन्यात पारा 45च्या वर जातो. दुपारी पोट्ट्यांना बाहेर काढायची सोय नाही. उरते संध्याकाळ, ती ट्यूशनने खाल्ली. लेआउटमधल्या ज्या मोकळ्या जागेत आम्ही आट्यापाट्या खेळायचो, तिथे आता गाड्या उभ्या असतात. रस्ते सिमेंटचे झाले, वाहनं सुसाट झाली आणि सायकलने शाळेत येणारं पोट्टं व्हॅनमध्ये कोंबलं गेलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 5 ते 17 वयात रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी. आमच्याकडे आठवड्याला पीटीचे दोन तास! परीक्षा जवळ आली की तेही गणिताच्या मॅडम मागायच्या, आणि मी द्यायचो. उन्हात उभं राहणं टळलं म्हणून मलाही बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकायचे नाहीत, असा नियम केंद्राने 2020 साली काढला. माझ्या सातवीतल्या मुली 50 मीटर नऊ सेकंदांत पळायच्या. काही मुलांची तर दिवसभरातली धाव तेवढीच, टपरीपर्यंतची.

इथे इंग्लंडात रिसेप्शन, म्हणजे शाळेतला अगदी पहिला वर्ग, आणि सहावीच्या मुलांची उंची-वजनं शाळेतच मोजतात. गरीब वस्त्यांत लठ्ठ मुलांचं प्रमाण सधन वस्त्यांच्या दुपटीहून जास्त निघतं. नागपुरात मी उलटं पाहिलं. खात्यापित्या घरच्या पोराचा गणवेश दिवाळीपर्यंत कंबरेला बसेना, आणि आजी म्हणायची, "बाळसं आहे ते!" झोपडपट्टीतली पोरं काटकुळी. पण पाच रुपयांचं चिप्सचं पाकीट आता तिथेही पोचलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण 2015-16 मध्ये 2.1 टक्के होतं, 2019-21 मध्ये 3.4 झालं, आणि त्याच सर्वेक्षणात 32 टक्के मुलं कमी वजनाची. दोष नुसता पोरांच्या हावरटपणाचा असता, तर इथे गरिबाचं आणि तिथे श्रीमंताचंच पोर कसं काय सुटलं असतं?

2018 मध्ये इथल्या सरकारने गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणात कर लावला. बऱ्याच कंपन्यांनी पेयातली साखरच घटवली. पोरांना कुणी भाषण दिलं नाही, पण पोटात साखर कमी गेली.

या हॉलमागे छान हिरवळ आहे आणि 'चेंडू खेळू नये' अशी पाटीही. आट्यापाट्यांना चेंडू लागत नाही! दारातल्या रांगोळीची उरलेली पिशवी घेऊन मी मघाशीच पाट्या आखल्यात. आवरतो आता, तिकडे एक भिडू कमी पडतोय.