आडनाव, पेन्सिल आणि लेस्टरचा निकाल

(पुण्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय 'लेस्टर महापालिकेचा २०२३चा निकाल : एक विश्लेषण'. लेस्टर म्हणजे इंग्लंडमधलं शहर. विश्लेषण येईल, घाई नको. चाळीस मिनिटांतली दहा सत्कारात गेली, शाल अजून खांद्यावर आहे आणि पंखा बंद आहे.

आधी मी मतदान कसं केलं ते सांगतो. हो, मीच, भारतीय पासपोर्टवर. भारतासारख्या राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक तिथे रीतसर राहत असेल आणि मतदारयादीत नाव असेल तर त्याला मत देता येतं. शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना हे कुणी सांगतच नाही. मुलं भाड्याचं घर शोधतात, मसाल्याचं दुकान शोधतात, पण मतदारयादी शोधत नाहीत.

तर ५ मे २०११, गुरुवार. सुट्टी नाही. सकाळी सात ते रात्री दहा मतदान, कामावरून येता-जाता उरका. मी आपल्या सवयीने फाईल घेऊन गेलो : पासपोर्ट, विजेचं बिल, घरमालकाचा करार, वर रेशनकार्डाची झेरॉक्स. टेबलामागच्या बाईंनी फाईलकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या काळी ओळखपत्र लागतच नसे. नाव विचारलं. माझं आडनाव 'क्ष'वरून. शाळेत हजेरीला माझा नंबर येईपर्यंत पहिला तास संपायचा. इंग्रजीत गेल्यावर 'के'मुळे बढती मिळून मधल्या बाकावर आलो, एवढाच परदेशगमनाचा फायदा. स्पेलिंग सांगायला लागलो तर तिसऱ्या अक्षरावर बाई म्हणाल्या, "ते राहू द्या, घर नंबर सांगा." पट्टी सरकवली, खूण केली, झालं. तिथली मतदारयादी रस्ता आणि घर क्रमांकाने लावलेली असते. बोटाला शाई नाही. आत दोरीला बांधलेली पेन्सिल. (मागच्या रांगेने हसू नये, मी यंत्रांवर बोलायला आलेलो नाही.)

हातात कागदच कागद. एक नगरसेवकांचा, एक थेट महापौराचा. आपल्याकडे नगराध्यक्ष थेट निवडतात, महापौर नगरसेवक निवडतात. लेस्टरने त्या दिवशी पहिल्यांदाच महापौर थेट निवडला. आणि आणखी एक कागद सार्वमताचा : संसदेची मतदानपद्धत बदलावी का? दीडशे वर्षं ज्यांनी आम्हाला न विचारता कारभार केला, ते मला विचारत होते, तुमचं मत काय! मी दोन मिनिटं नुसता उभा होतो. देशाने 'नको' म्हटलं, तो भाग वेगळा.

आता माझा आवडता मुद्दा. पुण्यात चार जणांचा प्रभाग असला तरी अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या. प्रत्येक जागेला एक मत. लेस्टरमध्ये २१ प्रभाग, ५४ जागा, काही प्रभाग दोनचे, काही तीनचे. पण यादी एकच, आडनावांच्या अक्षरक्रमाने. तीन फुल्या मारा, वरचे तीन निवडून आले. तिथल्या अभ्यासकांनी दाखवलंय की एकाच पक्षाच्या तिघांत यादीत वर असलेल्याला बहुधा जास्त मतं पडतात. म्हणजे मतदार घर क्रमांकाने बसवलेला आणि उमेदवार आडनावाने! आपल्याकडे हे आलं तर आपटे, अभ्यंकरांची चांदी आणि आमच्या 'क्ष'वाल्यांनी थेट राज्यसभेचा विचार करावा.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, विश्लेषण.

२०१९ला ५४ पैकी मजूर पक्ष (लेबर) ५३, लिबरल डेमोक्रॅट एक, हुजूर पक्ष (कॉन्झर्व्हेटिव्ह) शून्य. ४ मे २०२३ला मजूर ३१, हुजूर १७, ग्रीन तीन, लिबरल तीन. गंमत बघा : त्याच दिवशी इंग्लंडभर हुजूर पक्षाने हजारावर जागा गमावल्या. सगळीकडे पडले आणि इथे उगवले.

लोक लगेच २०२२च्या सप्टेंबरकडे बोट दाखवतात. पूर्व लेस्टरमध्ये हिंदू-मुस्लिम तरुणांत राडा झाला, म्हणून हिंदू मतं फिरली. फिरली, नाही म्हणत नाही. पण तेवढंच सांगणं हा आळस आहे. निवडणुकीआधी मजूर पक्षाने १९ विद्यमान नगरसेवकांची तिकिटं कापली, उमेदवार ठरवायचं काम लंडनच्या पक्षश्रेष्ठींनी आपल्या हाती घेतलं. वर्षानुवर्षं कचऱ्याची, पार्किंगची तक्रार ज्याच्याकडे नेली तोच यादीतून गायब! इथे पुण्यात हे वेगळं समजावून सांगायला नको. तरी महापौर पीटर सोल्स्बी चौथ्यांदा आले. त्या वेळी महापौराच्या निवडणुकीतलं दुसऱ्या पसंतीचं मतही रद्द झालं होतं, ज्याला जास्त मतं तो महापौर. पुढच्याच वर्षी, २०२४ला, लेस्टर पूर्वची संसदेची जागा हुजूर पक्षाच्या शिवानी राजांनी मजूर पक्षाकडून हिसकावली, तीही त्यांचा पक्ष देशभर भुईसपाट होत असताना.

आणि हो, २०२३पासून मतदानाला फोटोचं ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो. माझी फाईल बारा वर्षं आधी पोहोचली.

काय म्हणता? मी मत कुणाला दिलं? मतदान गुप्त असतं हो. पण खोटं कशाला बोलू, तिसरी फुली मारायची राहिली होती, मागे रांग वाढत होती, आणि मी यादीतलं सगळ्यात वरचं नाव धरलं.