जास्तीची नळी

(एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत आजच्या विषयाचं नाव ‘फ्लशच्या टाकीतील पुनर्भरण व दुर्गंधी-निवारण जोडण्या’ असं छापलंय. ते मी दिलेलं नाही. मी ‘कमोडचा वास’ एवढंच लिहून दिलं होतं. ते छापायला बरं दिसणार नाही असं कुणालातरी वाटलं असावं. तरीही एवढी माणसं आलीत, म्हणजे एक तर तुमच्या घरी वास येतो, नाहीतर बाहेर पाऊस लागलाय.

माझं म्हणणं तसं थोडक्यात आहे. हल्ली कमोडमधली हवा जागच्या जागी ओढून घेणाऱ्या यंत्रणा मिळतात. पंखा, नळी, कोळशाचा डबा वगैरे. माझा त्यांना विरोध नाही, उलट त्यातली कल्पना फार हुशारीची आहे. पण ती बसवण्याआधी टाकीतली करंगळीहून बारीक रिफिलची नळी जागेवर आहे का, हे बघा. ती नसेल तर तुमचा पंखा वास घालवणार नाही, आणेल. कसा, ते सांगायला मला तास दिलाय.

आधी एक विचारतो. फ्लशच्या टाकीचं झाकण ज्यांनी स्वतः उचललंय त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. आता ज्यांनी ते न फोडता परत ठेवलंय, त्यांनी. हां, काही हात खाली गेले.

झाकण उचललं की आत दोन उभ्या वस्तू दिसतात. एकीकडे पाणी घेणारा व्हॉल्व्ह, म्हणजे आपण ज्याला सरसकट बॉल कॉक म्हणतो तो. हल्ली त्याला लांब दांडीचा गोळा नसतो, व्हॉल्व्हच्याच अंगावर वरखाली सरकणारा फ्लोट असतो. मध्यभागी पाणी सोडणारा भाग. त्याच्या तळाला फ्लॅपर, म्हणजे पाणी अडवणारं रबरी झाकण, आणि बाजूला वर तोंड उघडा असलेला ओव्हरफ्लो पाइप. हा पाइप खाली थेट कमोडमध्ये उतरतो. फ्लॅपर त्याच्या वाटेत येत नाही, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता फ्लश केला. फ्लॅपर उचलला गेला, पाणी धावलं, कमोडमध्ये सायफन लागला आणि त्यानं भांड्यातलं पाणी घटाघटा ओढून नेलं. सायफनला थांबायची अक्कल नसते. हवा आत शिरेपर्यंत तो ओढत राहतो, त्यामुळे शेवटी भांड्यात पाणी उरतं ते अपुरं. फ्लॅपर बसला, टाकी भरू लागली. पण टाकीत पडणारं पाणी आता भांड्यात जाणार कसं? वाट बंद आहे. तिथे ही बारीक नळी कामाला येते. व्हॉल्व्हच्या डोक्यावरून निघते, ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाशी येते आणि टाकी भरत असते तेवढा वेळ थोडं पाणी त्या पाइपात सोडत राहते. टाकीही भरते, भांडंही भरतं. भांड्यात जास्त झालेलं पाणी ट्रॅपच्या, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या पाइपाच्या, उंबरठ्यावरून आपोआप निघून जातं.

पाणी ओढून न नेता नुसतं ढकलून देणारे जे कमोड असतात, त्यांत फ्लशचं शेवटचं पाणीच भांडं भरून ठेवतं. तिथे बऱ्याचदा ही नळी नसतेच. तेव्हा घरी जाऊन ‘आमच्या टाकीत नळी नाही’ म्हणून कुणाला घाबरवू नका.

भांड्यात उभं राहिलेलं हे पाणी म्हणजे वॉटर सील. साधारण 50 मिलिमीटर. तुमच्या घरात आणि गटारात एवढंच अंतर. दार म्हणा, पहारेकरी म्हणा, जे काय आहे ते दोन इंच पाणी. गटारात हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. मिथेन असतो, त्याला वासच नाही. हायड्रोजन सल्फाइड आपल्या नाकाला अगदी सूक्ष्म प्रमाणातही कळतो, पण हवेत तो दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. मॅनहोलमध्ये माणसं दगावतात त्यात या वायूचा मोठा हात आहे. घरात एवढं प्रमाण होत नाही. घरात होतं ते वेगळंच. घरच्यांच्या नाकाला सवय होते, आणि वास येतो तो फक्त पाहुण्यांना.

हे दोन इंच पाणी माणसाला सुचायला किती वेळ लागला बघा. 1596 साली इंग्लंडात सर जॉन हॅरिंग्टन यांनी पाण्यानं धुऊन निघणाऱ्या संडासाचं वर्णन छापलं. राणी एलिझाबेथसाठी तसा एक बसवलाही. टाकी होती, झडप होती, पण वाकडा पाइप नव्हता. म्हणजे खालचा वास वर यायला रस्ता मोकळा. वाकडा पाइप असलेल्या संडासाचं पेटंट 1775 साली अलेक्झांडर कमिंग यांनी घेतलं. हे गृहस्थ घड्याळजी होते. मला याचं नवल वाटत नाही. घड्याळांत हात घालणाऱ्याला बारीक भागांची किंमत कळते. पाइप एस आकारात वाकवला, वाकात पाणी अडलं, झालं काम. 1778 मध्ये जोसेफ ब्रामा यांनी झडप सुधारली. थॉमस क्रॅपर यांनी कमोडचा शोध लावला असं जे सांगतात ते खरं नाही, ते शंभर वर्षांनंतरचे. नाव मात्र त्यांचंच झालं. कष्ट एकाचे, पाटी दुसऱ्याची.

आणि 1858 चा लंडनचा उन्हाळा. थेम्स नदीला अशी दुर्गंधी सुटली की संसदेच्या खिडक्यांना क्लोराइड ऑफ लाइममध्ये, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात, भिजवलेले पडदे लावले. म्हणजे देशाचे कायदे करणारी मंडळी काय करत होती? आपण टाकीत सुगंधी वडी टाकतो, तेच! पुढे अभियंते जोसेफ बॅझलजेट यांनी गटारं बांधली तेव्हा फरक पडला. गंमत अशी की त्या काळी वासानंच रोगराई होते असा समज होता. समज चुकीचा, पण त्यापायी गटारं मात्र खरी बांधली गेली.

सुगंधी वड्यांवर मला वेगळं व्याख्यान द्यायचंय, आयोजकांनी नोंद घ्यावी. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्यांनी फ्लॅपरचं रबर मऊ पडतं आणि वेडंवाकडं होतं. मग टाकी झिरपायला लागते. पाण्याची टाकी आणि माणसाचं पोट, दोन्हींत काहीही टाकायची आपल्याला सवय.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. एका स्नेह्यांकडे बाथरूममध्ये वास येत होता. सतत नाही. सकाळी दार उघडलं की एकदम, मग दिवसभर अधूनमधून. त्यांनी आधी वरचा एक्झॉस्ट पंखा बदलून मोठा बसवला. वास वाढला. हे वाक्य लक्षात ठेवा, पंखा मोठा केला आणि वास वाढला. मग फ्लोअर ट्रॅप उघडून साफ केला. मग कुणीतरी म्हणालं, कमोडच्या बुडाची सील गेली असणार. कमोड उचलला, सील नवी घातली, भोवती पांढरं सिमेंट भरलं. दोन फरशा गेल्या. वास आहेच. शेवटी काम करणारा म्हणाला, “साहेब, तुमच्या ड्रेनेजलाच वास आहे.” यावर काय बोलणार! ड्रेनेजला वास नाही तर काय अत्तर असणार?

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हेच. मी गेलो, टाकीचं झाकण उचललं. आत व्हॉल्व्ह नवाकोरा. जुना गळत होता म्हणून काही महिन्यांपूर्वी बदललेला. त्याच्या डोक्यावरच्या बारीक नोझलमधून पाणी सरळ टाकीतच पडत होतं. नळी नाही. “इथली नळी कुठंय?” विचारलं, तर वहिनी आतून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. व्हॉल्व्हच्या पाकिटात आलेली नळी, तिची क्लिप आणि घडी न मोडलेला माहितीचा कागद. बसवणाऱ्यानं सांगितलं होतं, “ही नळी जास्तीची आलीय, ठेवून द्या, कधी लागली तर.”

कधी लागली तर! ती रोज लागते, प्रत्येक फ्लशला लागते!

मी तिथे एक साधी गोष्ट करून दाखवली, तुम्हीही करा. फ्लश करा, टाकी पूर्ण भरू द्या. मग मगभर पाणी भांड्यात हळूहळू ओता. भांड्यातली पातळी वर चढली, तर आधी पाणी कमी होतं. पातळी जागची हलली नाही आणि ओतलेलं पाणी तसंच निघून गेलं, तर सील पूर्ण आहे. त्यांच्याकडे पाणी चढतच गेलं. सगळा मग रिकामा झाला तरी चढत होतं.

मग नळी बसवली. इथेही एक खोच आहे. काही जण पाणी उडू नये म्हणून नळी ओव्हरफ्लो पाइपात वीतभर आत खुपसतात. तसं करू नका. नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली गेलं की तिथेही सायफन लागतो, टाकीतलं पाणी गुपचूप भांड्यात जात राहतं, आणि रात्री आपोआप टाकी भरल्याचा आवाज येतो. भुताटकी नाही ती. क्लिप त्यासाठीच असते. ती पाइपच्या काठावर बसते आणि नळीचं तोंड काठाच्या वर, हवेत राहतं. तसंच व्हॉल्व्हच्या अंगावर ‘सी. एल.’ (क्रिटिकल लेव्हल) अशी खूण असते, ती ओव्हरफ्लोच्या काठापेक्षा इंचभर वर हवी. नाहीतर मेन लाइनमधला दाब एकदम कमी झाला तर टाकीतलं पाणी उलटं पिण्याच्या लाइनीत जाऊ शकतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अहो, मी अजून पंख्यापर्यंत पोचलोच नाही!

बरं, भराभर. पंखा मोठा केल्यावर वास का वाढला? एक मिलिमीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे जवळजवळ 9.8 पास्कल दाब. पन्नास मिलिमीटरची सील म्हणजे सुमारे 490 पास्कल. बाथरूमचा लहान पंखा फार तर काही दहा पास्कल ओढ लावतो. तो सील फोडू शकत नाही. पण सीलचं पाणी चार-पाच मिलिमीटरवर आलं असेल, दार घट्ट लागलेलं असेल, तर तीच ओढ पुरते. पंख्याला हवा हवी असते, ती तो मिळेल तिथून घेतो, आणि गटारातून मिळाली तर तिथूनही.

आता पत्रिकेतला विषय. मघाशी म्हटलं, ओव्हरफ्लो पाइप टाकीतून थेट कमोडमध्ये उतरतो. तिथून पाणी कडेच्या आतल्या पोकळीत आणि कडेखालच्या भोकांतून भांड्यात येतं. टाकी शांत असते तेव्हा ही सगळी वाट रिकामी असते. मग हीच वाट उलटी वापरायची! टाकीच्या बाजूनं हवा ओढली की भांड्यातली हवा भोकांतून, कडेतून, पाइपातून वर येते. वास तुमच्या नाकापर्यंत पोचतच नाही. छताचा पंखा तो नाकावरून नेतो, हा खालूनच नेतो. भिंतीत लपवलेल्या टाक्यांतही काही ठिकाणी फ्लश पाइपातूनच अशी हवा ओढतात.

जोडणीचे दोन प्रकार. एकात ओव्हरफ्लोच्या तोंडावर टीसारखा तुकडा बसतो. एका बारीक तोंडात रिफिलची नळी, दुसऱ्या रुंद तोंडात पंख्याकडे जाणारा पाइप. दिसायला सुटसुटीत, पण धोका असा की ओव्हरफ्लोचं तोंडच बुजलं. उद्या बॉल कॉक अडकला तर जादा पाणी भांड्यात न जाता टाकीच्या काठावरून फरशीवर येणार. म्हणून त्या तुकड्याला बाजूला हलक्या झडपेची खिडकी हवीच. दुसऱ्या प्रकारात ओव्हरफ्लोला हात लावत नाहीत. टाकीच्या झाकणाला रबरी पट्टी लावून टाकीतल्या रिकाम्या जागेतूनच हवा ओढतात. रिफिलची नळी, क्लिप, सगळं जागच्या जागी. मला विचाराल तर हा बरा.

दोन्हींत फ्लशच्या वेळी पंखा थांबलेला बरा, कारण तेव्हा वाटेत पाणी असतं. टाकी भरली की परत चालू. पाइपला टाकीकडे उतार द्या, आत दव धरतं. पंखा 12 व्होल्टचाच घ्या, पाण्याशेजारी जास्त व्होल्टचा घेऊन विषाची परीक्षा नको. कडेखालची भोकं क्षारानं बुजली असतील तर ओढ लागत नाही, तीही आधी साफ करा. कोळशाचा डबा वापरणार असाल तर ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असतो हे खरं, पण साधा कोळसा अमोनियाला फारसा धरत नाही आणि ओली हवा त्याला मानवत नाही. डबा वेळच्या वेळी बदलावा लागतो, आणि तो कोण बदलणार हे घरात आधी ठरवा. शक्यतो हवा घराबाहेरच सोडा.

शेवटचं. काही रचनांत ओढलेली हवा ट्रॅपला वळसा घालून पलीकडे ड्रेनेजमध्ये सोडतात. म्हणजे दोन इंच पाण्याच्या पहाऱ्याला बाजूनं बोगदा खणला! पंखा बंद असताना त्या बोगद्यात फक्त एक रबरी झडप असते. तिच्यात केस अडकला की ती अर्धी उघडी. असं कुणी विकायला आलं तर विचारा, या वाटेवर पाणी कुठे उभं राहतं? उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.

दिवे मालवायला लागलेत, कळलं मला. टीचा तुकडा, क्लिपसकट नळी आणि उघडलेला कोळशाचा डबा टेबलावर ठेवलाय. येऊन बघा. डब्याला हात लावाल तर हात काळे होतील, बेसिन डावीकडे आहे.