हातगाडीतले ९९ फोन

(दृश्य: बर्लिनमधला मोकळा रस्ता. एक माणूस लहानशी लाल हातगाडी ओढत चालला आहे.)

हा सायमन वेकर्ट, बर्लिनचा कलावंत. त्याच्या गाडीत ९९ जुने फोन आहेत आणि सगळ्यांवर गूगल मॅप्स सुरू आहे. रस्त्यावर वाहतूक जवळपास नाहीच. तरी नकाशावर हाच रस्ता हिरव्याचा लाल होत जातो. इतके फोन एका जागी आणि माणसाच्या चालीनं सरकताहेत, म्हणजे इथं कोंडी झाली असणार, असा हिशेब तिकडे मांडला जातो. २०२० च्या फेब्रुवारीत वेकर्टनं हे जगापुढे ठेवलं.

त्या गाडीत मला माझाच फोन दिसला. सकाळी पुण्यात चांदणी चौकाकडे निघालो की मी आधी नकाशातला लाल रंग बघतो. तो रंग माझ्या पुढच्या-मागच्या गाड्यांमधल्या फोननी भरलेला असतो. २००९ पासून गूगल वाहतुकीचा अंदाज लोकांच्या फोनवरून घेत आलं आहे. सोयीच्या बदल्यात आपण थोडा खासगीपणा देतो, असं सर्रास म्हटलं जातं. इथं ती सोय मुळात आपल्या ठावठिकाण्याचीच बनलेली आहे. तो काढून घेतला तर लाल रंगच उरत नाही.

(दृश्य: रात्रीचं आकाश, खाली फोनचा उजेड.)

उपग्रह आपल्यावर नजर ठेवतात, असं मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. जीपीएसचे उपग्रह काहीही बघत नाहीत. सुमारे २०,००० किलोमीटरवरून ते फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतात, आकाशवाणीसारखे. फोन ते ऐकतो, निदान चार उपग्रहांचे संदेश किती उशिरा पोचले ते मोजतो आणि आपण कुठे आहोत हे स्वतःच काढतो. रेडिओ ऐकणाऱ्याचा पत्ता आकाशवाणीला कुठे ठाऊक असतो? ठावठिकाणा बाहेर जातो तो त्यानंतर, फोनमधल्या एखाद्या अ‍ॅपच्या हातून.

आणि गेला की कुठवर जातो? अमेरिकेत फ्लोरिडामध्ये एका घरफोडीच्या तपासात पोलिसांनी गूगलकडे मागणी केली, की त्या वेळी त्या घराच्या आसपास कोणते फोन होते ते सांगा. त्यात एक सायकलस्वार सापडला. नेहमीच्या फेरीत तो त्या घरावरून तीनदा गेला होता, आणि फेरी मोजायला त्यानं एक अ‍ॅप लावलेलं होतं. गुन्ह्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पण ते दाखवून द्यायला त्याला वकील गाठावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये गूगलनं जाहीर केलं, की आपल्या फिरण्याची नोंद यापुढे आपल्याच फोनमध्ये राहील. चांगलं झालं. पण हा निर्णय त्यांचा होता, आणि उद्या बदलला तर तोही त्यांचाच असेल.

(दृश्य: फोनवर ऑरगॅनिक मॅप्स. विमान मोड चालू.)

हा दुसरा नकाशा, ऑरगॅनिक मॅप्स. महाराष्ट्र एकदा उतरवून घेतला की इंटरनेट बंद केलं तरी चालतो. खातं उघडावं लागत नाही, जाहिरात नाही. नकाशातली माहिती ओपनस्ट्रीटमॅपची. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टनं तो प्रकल्प सुरू केला आणि आज जगभरातली माणसं आपापल्या गल्ल्या त्यात भरतात.

या अ‍ॅपची कुळकथा मला फार महत्त्वाची वाटते. २०११ मध्ये मॅप्सविथमी या नावानं ते आलं. पुढे त्याचं मॅप्स डॉट मी झालं, रशियाच्या मेल डॉट आरयू कंपनीनं ते विकत घेतलं, आणि २०१५ मध्ये त्याचा कोड, म्हणजे अ‍ॅप ज्या लिखाणातून घडतं ते, कुणालाही वाचता-वापरता येईल असा खुला झाला. २०२० मध्ये ते पुन्हा विकलं गेलं. नव्या मालकांनी त्याचं रूप पालटलं, तेव्हा मूळ घडवणाऱ्यांपैकी काही जणांनी तोच खुला कोड उचलून वेगळी चूल मांडली. ती ही ऑरगॅनिक मॅप्स. २०२५ मध्ये तिच्याही कारभारावरून वाद झाला आणि काही स्वयंसेवकांनी कोमॅप्स नावाची आणखी एक चूल मांडली.

खुला कोड तुम्ही-आम्ही वाचत बसणार नाही. मी तरी वाचलेला नाही. पण घर विकलं गेलं तरी पाटा-वरवंटा उचलून बाहेर पडायची मुभा तो देतो, आणि मला त्याचं मोल सगळ्यांत जास्त वाटतं.

आता अडचणी. आपल्याकडचे पत्ते कसे असतात? ‘मारुतीच्या देवळासमोरचा बोळ, पिठाच्या गिरणीच्या वर.’ गूगलला ती गिरणी बहुतेक वेळा सापडते, ऑरगॅनिक मॅप्सवर पुष्कळदा सापडत नाही. कोंडी कळत नाही. बस किती वाजता येईल ते कळत नाही. इंटरनेट बंद असेल तर पहिल्यांदा जागा सापडायलाही वेळ लागतो, कारण उपग्रहाची माहिती सेकंदाला जेमतेम ५० बिट या वेगानं उतरते. अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त, मोकळ्या आभाळाखाली थांबावं लागतं.

रात्री दोन वाजता वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा मी गूगल मॅप्सच उघडलं. पुन्हा वेळ आली तर तेच उघडेन. ठावठिकाणा बघायची त्याची परवानगी मी ‘अ‍ॅप वापरताना फक्त’ एवढीच ठेवली आहे. रोजची कामं मात्र दुसऱ्या नकाशावर. दूधवाला, मुलीची शाळा, मित्राचं घर या वाटा मला पाठ आहेत, आणि त्या आणखी कुणी पाठ कराव्यात असं मला वाटत नाही.

(दृश्य: राजगडाचा पायथा. पहाट.)

डोंगरात तर निवड सोपीच होते. रेंज जाते, पण गुंजवण्याकडून चोर दरवाज्याला चढणारी वाट फोनवर दिसत राहते. कुणीतरी ती आधी चालून गेलं आणि नकाशात घालून गेलं.

मागच्या खेपेला पायथ्याच्या एका वाडीत एक हापसा दिसला. चालू होता, पाणी गोड. नकाशात नव्हता. झाडाखाली बसून मी तो अ‍ॅपमध्येच नोंदवला, आणि घरी वायफाय मिळाल्यावर ती नोंद वर गेली. वाडीचं नाव तिथं इंग्रजी अक्षरांत आणि चुकीचं लिहिलेलं आहे. पाटीवर ते कसं आहे ते नीट बघून घ्यायचं राहिलं, म्हणून ती जागा मी अजून दुरुस्त केलेली नाही. येत्या रविवारी पुन्हा जातोय.