काळ्या ऑइलच्या बॅरलात पाणी नको

नमस्कार श्रोतेहो. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत लेथ, व्हीएमसी, हायड्रॉलिक प्रेस चालवणाऱ्यांशी आज काळ्या ऑइलबद्दल, म्हणजे मशिनमधून काढलेल्या वापरलेल्या ऑइलबद्दल बोलायचं आहे.

शेडमागं बहुधा एकच बॅरल असतं. हायड्रॉलिकचं ऑइल त्यात, गिअरबॉक्सचंही त्यात आणि धातू कापताना गार ठेवणारा कूलंट नासला की तोही त्यातच. घोटाळा इथंच होतो. कूलंट आपण 5 टक्क्यांच्या आसपास कालवतो, बाकी सगळं पाणी. 20 लिटर ओतला की 19 लिटर पाणी बॅरलात गेलं. शिवाय कूलंटमधला इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकजीव करणारा पदार्थ, हे पाणी तेलात धरून ठेवतो. ते तळाशी बसत नाही, त्यामुळं खालून काढताही येत नाही. म्हणून कूलंटचं बॅरल वेगळंच ठेवा. तो गटारात तर मुळीच सोडू नका. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट असेल तर आधी इमल्शन फोडून, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं करून, मगच तिथं घ्या.

ऑइलात पाणी आहे का, हे तव्यावर कळतं. जुना तवा 150 अंशांच्या आसपास तापवा, डोळ्याला गॉगल लावा आणि ऑइलचा एकच थेंब सोडा. गप पसरला तर ठीक. मोहरीसारखा तडतडला तर पाणी आहे. थिनर किंवा पेट्रोल मिसळलेल्या ऑइलावर हा प्रयोग करू नका, भडका उडेल.

पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. उभ्या बॅरलच्या माथ्यावर पाणी साचतं. दिवसा बॅरल तापून आतली हवा बाहेर पडते, रात्री गार झालं की बुचाच्या ढिल्या वायसरमधून तेच पाणी आत ओढलं जातं. बूच घट्ट वाटतं, तरी ओढतं. छप्पर हवंच. खाली गळती धरणारा ट्रे, तोही सर्वात मोठ्या बॅरलपेक्षा थोडा जास्त मावेल असा.

वीटभट्टीला किंवा सेंट्रिंगच्या प्लेटांना ऑइल देणं सोपं वाटतं. पण घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार ते अधिकृत रिसायकलरकडेच जायला हवं, आणि साधारणपणे 90 दिवसांच्या आत. बॅरलवर पिवळं लेबल, लाल अक्षरं. गाडी निघताना फॉर्म 10 च्या, म्हणजे या मालाच्या वाहतुकीच्या नोंदीच्या, सात प्रती करा. पिवळी तुमच्याकडे राहते. माल पोचल्यावर घेणाऱ्याच्या सहीची निळी प्रत परत यायला हवी. आली नाही तर फोन करा, मगच पुढचं बॅरल भरून द्या.