लाल थेंबाचा माग

शिरपूर. मुंबई-आग्रा महामार्गालगतचं गॅरेज. मे महिना. सकाळचे साडेनऊ झालेत, पण कडुनिंबाच्या सावलीतही लोखंडाला हात लावला की चटका बसतो.

गाडीवाला धुळ्याचा. सेंधव्याला लग्नाला निघाला होता. बिजासन घाट चढताना गिअर बदलला की झटका बसायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नघरासमोर गाडीखाली लाल डाग दिसला. थांबत-थांबत घाट उतरून तो इथवर आलाय.

"काय व्हयनं, भाऊ?" एवढं विचारून मिस्त्री खाली वाकतात. थेंब बोटावर घेतात, चोळतात, वास घेतात. लाल, पातळ, बुळबुळीत. हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. जळका वास नाही, हे फार बरं झालं. हेच तेल दुधाळ गुलाबी असतं, तर रेडिएटरच्या आत पाणी आणि तेल एक झालं असतं, आणि मग दुखणं पाइपापुरतं राहत नाही.

बऱ्याच गाड्यांमध्ये हे तेल गिअरबॉक्समधून निघतं, रेडिएटरमधल्या छोट्या कूलरमधून फिरतं आणि थंड होऊन परत येतं. जायला एक नळी, यायला एक. बोटाएवढ्या जाडीच्या या दोन नळ्यांवर आख्खा गिअरबॉक्स जगतो. खानदेशातल्या 45 अंशांच्या उन्हात, घाटाच्या चढावर तर जास्तच.

गळती शोधायला मिस्त्रींनी पाऊण तास घेतला. मला या कामातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. थेंब जिथे पडतो, तिथे गळती असतेच असं नाही. चालत्या गाडीत वाऱ्याने तेल नळीवरून मागे सरकतं आणि भलतीकडेच टपकतं. म्हणून आधी सगळं पुसून कोरडं केलं. नळ्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली. खाली पुठ्ठा अंथरला. मग इंजिन चालू. बंद इंजिनात दाब नसतो, म्हणून उभ्या गाडीखाली डाग लहान दिसतो. रस्त्यावर मात्र तेल भराभर जातं.

इथे नीट पाहा. पांढऱ्या पावडरीवर लाल रेघ उमटतेय. नळी जिथे पट्टीला धरलेली आहे, तिथलं रबर झिजून गेलंय. लोखंड लोखंडावर घासत राहिलं आणि सुईच्या टोकाएवढं भोक पडलं.

त्यावर सील थापून भागत नाही. गरम तेलाच्या दाबापुढे ते टिकत नाही. मिस्त्री खराब तुकडा काढतात, तोही पाइप कटरने. हॅक्सॉने कापलं की लोखंडाचा कीस आत जातो आणि गिअरबॉक्सच्या बारीक वाटा अडवतो. नळीची दोन्ही टोकं किंचित फुलवून घेतात, म्हणजे कापलेल्या जागी बसवलेला रबरी होज दाबाने निसटत नाही. होजही गरम तेलाचाच हवा. पाण्याचा होज तेलाने फुगतो, मऊ पडतो. टोकांना क्लिपा. रेडिएटरकडचा नट कसताना मात्र हातात दोन पाने: एकाने कसायचं, दुसऱ्याने मागचा नट धरून ठेवायचा. नाहीतर नळीसोबत कूलरच पिळला जातो.

आणि पट्टीत नवं रबर. ते विसरलं, तर काही महिन्यांनी हीच गाडी पुन्हा इथे.

आता तेल. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. नुसतं लाल दिसतं म्हणून कोणतंही ओतायचं नाही. या गाडीला डिपस्टिक आहे. सपाट जागा, इंजिन चालू, तेल गरम, सगळे गिअर एकदा फिरवून झालेले, मग मोजमाप. थोडं घालायचं, पुन्हा पाहायचं.

महामार्गावर एक फेरी मारून गाडी परत येते. खाली नवा पुठ्ठा सरकतो. इंजिन चालूच. गाडीवाल्याला चहा मिळतो, पण त्याची नजर पुठ्ठ्यावर. दहा मिनिटं. वीस.

मिस्त्री पुठ्ठा ओढून उन्हात धरतात, दोन्ही बाजूंनी पाहतात. कोरडा.